नाक्यावरची जकात, दारातली पट्टी

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत आला, तेव्हा पवना आणि इंद्रायणी यांच्या मधली गावे अजून शेतीवरच जगत होती. गावाला लागणाऱ्या कामांचा मोबदला द्यायची त्यांची जुनी रीत बलुत्याची होती. सुतार, लोहार, न्हावी, चांभार, महार यांनी वर्षभर गावाचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा आपला वाटा आणायचा. स्थानिक सेवांची ही वार्षिक पट्टीच होती. कोणत्या कामापोटी काय दिले हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला समोरासमोर दिसे, हा तिचा गुण. किती द्यायचे हे मात्र राबणाऱ्याच्या हाती नसे, जातीच्या उतरंडीत जो वर तो ते ठरवी, हा तिचा असह्य दोष. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या अन्यायावर बोट ठेवूनच. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला त्यानंतर तीस वर्षे गेली. त्या कायद्याचे साल १९५८ आणि मुंबई ग्रामपंचायत कायद्याचे सालही १९५८. जुनी रीत कायद्याने मोडली आणि त्याच वर्षी नव्या रीतीची चौकट तयार झाली. ती चौकट पुढे कशी भरली गेली, हा या लेखाचा विषय आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात नागरी सेवांची जी ओढाताण दिसते ती केवळ पैशाच्या टंचाईची नाही, असे माझे मत आहे. पैसा इथे मुबलक आला. पण तो एका खिडकीवर जमा झाला आणि सेवा दुसऱ्याच खिडकीवरून मागावी लागली. त्यामुळे भरलेल्या पैशाचा जाब विचारण्याची सवयच इथे रुजली नाही.

या विभागणीची सुरुवात औद्योगिक वसाहतींपासून होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा, आणि त्याखालच्या औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. शेतजमीन संपादन करायची, तिचे भूखंड पाडायचे, रस्ते, पाणी, दिवे यांची सोय करायची आणि भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योगांना द्यायचे, अशी ही योजना. १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. महामंडळ ही व्यापारी कंपनी आहे की शासनाचे वैधानिक हत्यार, हा प्रश्न रामतनू सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने १९७० मध्ये हा कायदा वैध ठरवला आणि महामंडळाचे काम नफ्यासाठीच्या व्यापाराचे नाही, असे मानले. हा निकाल आपल्या विषयाला फार जवळचा आहे. महामंडळाच्या कायद्यातच रस्ते, सांडपाणी, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे यांच्या देखभालीचा खर्च भागवण्यासाठी भूखंडधारकांकडून सेवाशुल्क घेण्याची तरतूद आहे. नफा कमवायचा नाही आणि खर्च मात्र भागवायचा आहे, तर दरवर्षीचा दर खर्चाच्या हिशेबातूनच निघायला हवा. पण ज्याच्याकडून शुल्क घ्यायचे त्याने निवडून दिलेला एकही माणूस हा दर ठरवणाऱ्या मंडळात बसत नाही. नगरसेवकाला रस्त्यात गाठता येते. महामंडळाकडे अर्ज करावा लागतो.

याच जमिनीवर मग एकेक नवी संस्था येत गेली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. कामगारांच्या घरांसाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने निगडी-आकुर्डीच्या बाजूला आखीव पेठा वसवल्या आणि भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले. ११ ऑक्टोबर १९८२ ला नगरपालिकेची महापालिका झाली आणि १९९७ मध्ये आणखी अठरा गावे तिच्या हद्दीत आली. शेजारी देहूरोडला लष्कराचे कटक मंडळ होतेच. पवनेचे पाणी रावेतजवळ उचलले जाते. तिथूनच महामंडळ आपल्या वसाहतीसाठी पाणी घेते आणि महापालिका शहरासाठी. नदी एक, उपसा दोन, दर दोन आणि तक्रारीच्या वह्याही दोन. भोसरीतल्या लहान कारखानदाराने मालमत्ता कर महापालिकेला द्यायचा आणि पाण्याचे बिल व सेवाशुल्क महामंडळाला. प्राधिकरणाच्या पेठेत राहणाऱ्याने जमिनीचे देणे एका कार्यालयात भरायचे आणि कचऱ्याची तक्रार दुसऱ्या कार्यालयात करायची. प्रत्येक संस्थेच्या स्थापनेमागे त्या त्या वेळचे रास्त कारण होते आणि प्राधिकरणाने वसवलेल्या पेठांची आखणी आजही नजरेत भरते. पण २०२१ मध्ये प्राधिकरणाचे विलीनीकरण होऊन त्याचा कारभार महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटला गेला, म्हणजे एकाच भूमीवर हिशेबाची इतकी दप्तरे ठेवणे परवडत नाही, हे शासनाने एका परीने मान्यच केले.

इतकी वर्षे ही गुंतागुंत खपली ती जकातीमुळे. शहराच्या हद्दीत वापरासाठी, विक्रीसाठी किंवा प्रक्रियेसाठी येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा हा कर. पोलादाची गुंडाळी, टायर, रंग, यंत्रांचे सुटे भाग असे जे जे कारखान्याच्या दिशेने निघाले त्याने आधी नाका ओलांडायचा. वाहन उद्योगाचा कच्चा माल जड आणि महाग, त्यामुळे जकातीचे उत्पन्न उद्योगाबरोबर आपोआप वाढत गेले. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका हे बिरुद पिंपरी-चिंचवडला लागले ते याच उत्पन्नाच्या जोरावर. नाक्यावर भरलेली जकात गाडीच्या किमतीत मिसळून नागपूरच्या किंवा चेन्नईच्या ग्राहकाच्या खिशातून वसूल होई. ती आपण भरली असे शहरातल्या कोणालाच वाटत नसे. सेवेचा खरा खर्च किती, पाण्याच्या एका हजार लिटरला किती पडतात, एका प्रभागातला कचरा उचलायला किती लागतात, हे मांडून दाखवण्याची निकड मग कारभाऱ्यांनाही भासली नाही आणि विचारण्याची निकड नागरिकांनाही भासली नाही. पट्टी दारात येते तेव्हा माणूस विचारतो की नळाला पाणी का नाही. नाक्यावरच्या पैशाला असा प्रश्न विचारणारे दारच नसते.

यावर आक्षेप येईल की या पैशातून रुंद रस्ते झाले, उड्डाणपूल झाले, रुग्णालये झाली, मग जकातीला दोष का द्यायचा? ही कामे झाली हे खरे आहे आणि ती पुण्याच्या तुलनेत अनेकदा लवकर झाली. माझे म्हणणे वेगळे आहे. दिसणारे बांधकाम करायला जकातीचा पैसा पुरला, पण रोज पुरवायची सेवा टिकवायला लागणारा हिशेब त्यातून उभा राहिला नाही. याचा पुरावा पाण्यात आहे. नोव्हेंबर २०१९ पासून या श्रीमंत महापालिकेच्या नागरिकांना दिवसाआड पाणी मिळू लागले. त्याच्या आठ वर्षे आधी, ९ ऑगस्ट २०११ ला, पवना धरणातून बंद नळाने थेट शहराला पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला आणि योजना थांबली. शहराच्या पाण्याची किंमत काढताना जलवाहिनी, पंप आणि वीज यांचा आकडा धरला जातो. ज्यांच्या शेताशेजारून नदी वाहते त्यांना त्या किमतीत कोणती जागा होती? बलुत्याच्या जुन्या दोषाचे हे नवे रूप आहे. मोबदला ठरवण्याच्या बैठकीत ज्याला बोलावले जात नाही त्याच्या माथी खर्चाचा सर्वांत जड भाग येतो, मग तो मोबदला धान्यात मोजा की पैशात.

जकातीचा दुसरा धोका असा की तिचा पाया चालता-फिरता असतो. बजाज ऑटोने १९९९ मध्ये चाकणला कारखाना काढला, २००७ मध्ये आकुर्डीतले वाहन-उत्पादन थांबले आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणमध्येच सुरू झाला. नव्या कारखान्यांना मोठी सलग जमीन हवी होती, हे मुख्य कारण असेल. पण चाकण पिंपरी-चिंचवडच्या नाक्यांच्या पलीकडे होते, हेही कोणी विसरले नसेल. पुढे घटना वेगाने घडल्या. १ एप्रिल २०१३ ला इथली जकात संपली आणि स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या आंदोलनानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला आणि मोठ्या उद्योगांवर राहिला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा तोही गेला. घटनेतून प्रवेशकराची नोंदच वगळली गेल्यामुळे आता जकात परत आणण्याचा मार्ग राज्याकडे उरलेला नाही. बदल्यात राज्याने भरपाईचा कायदा केला. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ दराने महापालिकांना रक्कम द्यायची. ही रक्कम वेळेवर आली तरी तिचा शहरातल्या सेवेशी संबंध उरत नाही. पाणी रोज आले काय आणि दिवसाआड आले काय, आकडा ८ टक्क्यांनीच वाढतो. नाका निदान शहराच्या वेशीवर तरी होता. आता पैशाचे दार मुंबईला गेले.

चाकणमध्ये हीच गोष्ट लहान गावांच्या अंगावर आली. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी या ग्रामपंचायती आहेत. खुद्द चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये. औद्योगिक क्षेत्राच्या रेषेच्या आत महामंडळ रस्ता, पाणी आणि दिवे पाहते. त्या कारखान्यांत राबणारा माणूस मात्र रेषेच्या बाहेर, गावातल्या भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचा कचरा, त्याचे सांडपाणी, त्याच्या मुलांची शाळा आणि सकाळी तळेगाव चौकात अडकणारी त्याची बस, हे सगळे गावाच्या वाट्याला येते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातल्या कलम १२५ प्रमाणे पंचायतीला शासनाच्या मान्यतेने कारखान्याशी करार करून करांच्या ऐवजी एकरकमी ठोक अंशदान घेता येते. कल्पना चांगली होती. लहान पंचायतीला मोठ्या कारखान्याची आकारणी करत बसावे लागू नये आणि कारखान्यालाही दरवर्षीचा आकडा आधी ठाऊक असावा. पण अंशदानाच्या या कल्पनेत एक बाजू कोरी राहते. कारखान्याने किती द्यायचे ते करारात येते, त्या पैशातून पंचायतीने कोणती सेवा द्यायची ते येत नाही. मग कारखानदार म्हणतो, आम्ही महामंडळाला सेवाशुल्क देतो, पंचायत आम्हाला काय देते? सरपंच म्हणतो, तुमच्या कामगारांनी आमचे गाव चौपट झाले, त्याचा भार कोणी उचलायचा? दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच घासाघिशीने हा वाद मिटणार नाही. तो मिटवायला दोघांना मान्य होईल असा खर्चाचा ताळेबंद लागेल.

इथे कायद्याचे जाणकार म्हणतील की कर आणि शुल्क यांची मी गल्लत करतो आहे. कराच्या बदल्यात सेवा मागता येत नाही, शुल्काच्या बदल्यात येते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात मांडला. त्याच वर्षी रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात मुंबई राज्यातल्या सार्वजनिक न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी न्यायालयाने शुल्क म्हणून ग्राह्य धरली. पुढे १९८३ मध्ये श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात न्यायालयाने सांगितले की शुल्क आणि सेवा यांची पैशापैशाने जुळणी लागत नाही, दोहोंत सर्वसाधारण संबंध असला की पुरे. या शिथिलतेचा आधार घेऊन हिशेबच न मांडणे हा मात्र निकालाचा चुकीचा अर्थ आहे. सेवेप्रमाणे आकार ठरवता येतो याचे उदाहरणही न्यायालयापुढेच घडले आहे. घटनेच्या कलम २८५ मुळे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. तरी राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये अशी व्यवस्था मान्य झाली की केंद्राच्या कार्यालयांनी सेवाशुल्क द्यावे: सर्व सेवा घेत असतील तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही घेत असतील तर ५० टक्के, कोणतीच घेत नसतील तर ३३⅓ टक्के. रस्ता आणि शेजार प्रत्येकजण वापरतोच, म्हणून शेवटची पायरीही शून्याची नाही. हीच पायरी चाकणच्या कारखान्याला आणि पंचायतीला का लागू होऊ नये? आतली सेवा महामंडळ देते तेवढी सूट आणि बाहेरच्या भाराचा वाटा पंचायतीला, हे तत्त्व दोघांच्याही तक्रारीला उत्तर देते.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबांच्या बाजूचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. शुल्क सेवेच्या खर्चावर बेतले तर एका खोलीत चौघे राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने काय करायचे? २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कचऱ्यासाठी उपयोगकर्ता शुल्क मालमत्ता कराच्या बिलात लावले, घरामागे महिना ६० रुपये, म्हणजे वर्षाला ७२० रुपये. शहरभर विरोध झाला आणि शासनाने वसुलीला स्थगिती दिली. या विरोधाला फुकटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. लोकांनी विचारले की मालमत्ता करात आम्ही स्वच्छतेचे पैसे भरतोच, मग हे वेगळे कशाचे? हा प्रश्न हिशेबाचाच होता आणि त्याचे पटणारे उत्तर बिलासोबत घरी आले नाही. शहराने कचऱ्याच्या सेवेची वेगळी किंमत दारात मागितली, पण तिच्यामागचा खर्च दारात ठेवला नाही. गरिबाला सवलत जरूर द्यावी, ती किती आणि कोणाच्या पैशातून हे लिहून द्यावी. हिशेब उघडा असला तर सवलतीचा हक्काने आग्रह धरता येतो. तो झाकलेला राहिला तर बोभाटा करू शकणाऱ्याला माफी मिळते आणि न बोलणारा थकबाकीदार ठरतो.

मग औद्योगिक क्षेत्रे स्वतंत्रच का करू नयेत? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने कलम २४३ क्यूमध्ये तशी वाट ठेवली आहे. उद्योग स्वतः नागरी सेवा देत असेल किंवा देणार असेल, तर राज्यपाल त्या भागाला औद्योगिक नगरी जाहीर करू शकतात आणि तिथे नगरपालिका करावी लागत नाही. आपल्या राज्याच्या नगरपरिषद कायद्याच्या नावातही औद्योगिक नगरी हे शब्द आहेत. जमशेदपूरमध्ये टाटांच्या कंपनीने दिलेल्या नागरी सेवांची वाखाणणी देशभर होते. पण जमशेदपूर एका कंपनीभोवती वसले, चाकण शेकडो मालकांचे आहे आणि त्याचे कामगार कुंपणाबाहेर राहतात. कुंपणाच्या आत नगरी केली तर खराबवाडीच्या वाट्याला फक्त भार उरेल. आंध्र आणि तेलंगणाने मधला मार्ग काढला. औद्योगिक क्षेत्राचे प्राधिकरण मालमत्ता कर गोळा करते आणि त्यातला ३५ टक्के वाटा त्या हद्दीतल्या स्थानिक संस्थेला देते. वाटणीचे हे तत्त्व घेण्यासारखे आहे, पण वाटणी म्हणजे जाब नव्हे. जाबाचे उदाहरण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सापडते. तिथे पाणी, सांडपाणी, अग्निशमन यांसाठी खास जिल्ह्यांची मंडळे असतात. १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या २१८ क्रमांकाच्या प्रस्तावाने मालमत्तेशी निगडित शुल्क सेवेच्या खर्चापेक्षा जास्त असू नये असे बंधन घातले. दर वाढवण्याआधी मंडळाने प्रत्येक मालमत्ताधारकाला लेखी कळवायचे, किमान ४५ दिवसांनी सुनावणी घ्यायची, आणि निम्म्याहून अधिक मालमत्तांकडून लेखी विरोध आला तर वाढ थांबवायची. त्यात मला एक उणीव दिसते. पाणी-सांडपाण्याच्या शुल्काबाबतचा हा नकार मालमत्तेच्या मोजणीने ठरतो, आणि आपल्याकडे ज्याच्या नावावर मालमत्ता नाही अशा भाडेकरूचीच संख्या मोठी आहे. त्याला बोलता येईल अशी जागा आपल्याकडे आधीपासून आहे. तिचे नाव ग्रामसभा.

म्हणून या इतिहासातून निघणारी मागणी साधी आहे. महामंडळ, महापालिका, नगरपरिषद आणि पंचायती यांनी आर्थिक वर्ष संपण्याआधी आपापल्या हद्दीचा एक उघडा ताळेबंद मांडावा. कोणत्या सेवेला किती खर्च आला, कोणी किती भरले, किती थकले, कोणाला किती सूट दिली, आणि पुढच्या वर्षी दर का बदलायचा. महामंडळाने तो भूखंडधारकांच्या सभेत आणि शेजारच्या ग्रामसभेत वाचावा. ठोक अंशदानाच्या प्रत्येक करारासोबत पंचायतीने द्यायच्या सेवांची यादी जोडावी. पाण्याच्या हिशेबात धरणाकाठच्या गावांचा रकाना असावा. यासाठी नवी संस्था लागत नाही, आणि या पट्ट्यात आणखी एका संस्थेची गरजही नाही. चाकण परिसरासाठी स्वतंत्र महापालिका हवी, अशी मागणी आता जोर धरते आहे. ती झाली तर इमारत, पदे आणि हद्द यांच्याआधी तिच्या पहिल्या वर्षाच्या पट्टीकडे लक्ष द्यायला हवे. पिंपरीच्या कारभाऱ्यांनी सुरुवातीला सोपा पैसा नाक्यावरून घेतला आणि दारातला हिशेब पुढच्या पिढीवर सोडला. नाका गेल्यावर ७२० रुपयांची पट्टीसुद्धा लोकांना पटवून देता आली नाही. चाकणने पहिल्याच वर्षी पट्टीबरोबर हिशेब घरोघर पोहोचवला, तर ती पट्टी वाढवण्याचा अधिकारही त्याला लोकांकडून मिळेल.